सगळीकडचा टायर

‘सर, गाडी चालवणार कुठं?’

साताऱ्यातल्या टायरच्या दुकानात हा प्रश्न आम्हाला २०१९ च्या जुलैमध्ये विचारला गेला. क्षणाचाही विलंब न लावता आम्ही उत्तर दिले, ‘सगळीकडे.’ दुकानदार वयाने आमच्याच बरोबरीचा, बोटांच्या पेरांत रबराची काजळी कायमची मुरलेला. मान वर न करता तो म्हणाला, ‘सगळीकडचा टायर नसतो, सर. शंभरातले मातीत किती, तेवढं सांगा.’

पंचवीस वर्षे आम्ही महाविद्यालयात कविता शिकवत आलो आहोत. प्रश्नाला थेट उत्तर न देण्याची सवय या व्यवसायात आपोआप लागते. पण समोरचा माणूस आकडा मागत होता. आम्ही ‘पन्नास’ म्हणालो. हा आकडा मोजलेला नव्हता, कल्पिलेला होता. पुढच्या वर्षी स्पितीला जायचे मनात होते, आणि मनातल्या रस्त्याचे किलोमीटर आम्ही प्रत्यक्षातल्या किलोमीटरांत मिळवून टाकले होते. एक वर्ष जुन्या गाडीला त्या दुपारी जाड बटणांचे दोन नवे टायर चढले. गाडी एकदम रानटी दिसू लागली. खोटे कशाला बोला, आम्हीही आम्हाला तसेच दिसू लागलो.

ॲडव्हेंचर मोटरसायकल हा प्रकारच मुळी दोन ओढींतून जन्मलेला आहे. बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली जी गाडी बाजारात आणली तिचे नाव ‘आर ८० जी/एस’ असे होते. जी म्हणजे गेलेंडे, मोकळे रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. या दोहोंच्या मध्ये एक तिरकी रेघ. १९८१ साली ह्युबेर ओरिओलने याच गाडीच्या वंशावर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि रानाची बाजू जगाच्या नजरेत भरली. पुढे त्या घराण्यातल्या गाड्यांच्या नावातून रेघ गळाली, नुसते ‘जीएस’ उरले. नावातून रेघ गाळणे सोपे असते. टायर विकणाऱ्यांच्या बोलण्यात ती अजून शिल्लक आहे. ते ‘ऐंशी-वीस’ म्हणतात, ‘पन्नास-पन्नास’ म्हणतात. पहिला आकडा डांबराचा, दुसरा मातीचा. हे आकडे म्हणजे काही प्रयोगशाळेतले माप नव्हे. ज्याने त्याने आपल्या मालाविषयी केलेले ते विधान असते, आणि कोणतेही विधान वाचावे तसेच ते सावधपणे वाचावे लागते.

रेघ गळत का नाही, याचे कारण साधे आहे. चाक जमिनीला टेकते ती जागा तळहाताहून फारशी मोठी नसते. डांबरावर पकड मिळते ती या तळहाताएवढ्या जागेत जास्तीत जास्त रबर सलग टेकल्यामुळे. खडीवर आणि मुरमावर ही रीत चालत नाही, कारण तिथे जमीनच सरकती असते. गुळगुळीत टायर खडीवर तरंगतो. बटणांचा टायर खडीत रुततो आणि बटणाच्या कडेने जमिनीला रेटा देतो. चिखलात तर बटणांमधल्या पन्हळी रुंदच असाव्या लागतात. त्या अरुंद असल्या की चिखलाने भरतात आणि कोऱ्या टायरचाही गोटा होतो. पण हीच रुंद पन्हळ डांबरावर आली की वजाबाकी ठरते. टेकणारे रबर कमी होते, उंच बटणे वळणावर आणि ब्रेकखाली वाकतात, पावसात थांबायला जास्त अंतर लागते, शिवाय टायर झिजतोही लवकर. एका ठिकाणचा गुण तोच दुसऱ्या ठिकाणचा दोष. त्यामुळे दोन्हीकडे उत्तम असा टायर अजून कोणी बनवलेला नाही. मधला टायर म्हणजे दोन्हीकडे थोडे थोडे हरण्याची तयारी.

साहित्याच्या माणसाला टायरमध्ये रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. टायरच्या भिंतीवर मजकूर असतो. आमच्या पुढच्या टायरवर ९०/९०-२१ असे लिहिलेले होते. पहिले नव्वद ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरे नव्वद म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा प्रमाणात. एकवीस हा रिमचा व्यास, इंचांत. पुढे ५४एस. यातले ५४ म्हणजे त्या चाकाने पेलायचा भार, २१२ किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. शेजारी लांबट चौकटीत १२१९ हे चार आकडे, म्हणजे २०१९ सालच्या बाराव्या आठवड्यातला जन्म. एक बाण, चाकाने कोणत्या दिशेला फिरायचे ते सांगणारा. इतका नेटका मजकूर आमच्या वाचनात क्वचितच आला आहे. एकही विशेषण नाही. मात्र गाडीवर कोण बसणार आहे, आणि तो स्वतःविषयी काय समजून बसला आहे, हे तिथे लिहिलेले नसते.

ऑगस्टमध्ये आंबेनळी घाटातून महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो. मागे पत्नी बसलेली. धुके होते, बारीक पाऊस होता, वेग फार नव्हता. नव्या टायरांची डांबरावर एकसुरी घरघर चालू असे. हिने दोनदा विचारले होते, ‘अहो, हा आवाज कसला?’ आम्ही म्हणालो होतो, ‘बटणांचा. दमदार वाटतो ना?’ एका वळणावर समोरून एसटी आली. ती आपल्या बाजूनेच येत होती, तिची काही चूक नव्हती. आम्ही दचकलो आणि पुढचा ब्रेक दाबला. आमच्या गाडीला एबीएस नव्हते. मागचे चाक घसरले तर माणूस बहुतेक वेळा सावरतो. पुढचे घसरले की सावरायला वेळच मिळत नाही. गाडी डावीकडे गेली, आम्ही तिच्याबरोबर गेलो, आणि ही उजवीकडे, रस्त्यावर.

तिच्या उजव्या मनगटात तेव्हापासून धातूची एक पट्टी आहे. थंडीत ती दुखते. फळ्यावर लिहिताना ती हात मधूनच खाली घेते. तीही शिक्षिका आहे, गणिताची.

ते टायरमुळे झाले की ब्रेकमुळे, की शेवाळामुळे, की आमच्या घाबरण्यामुळे, याचा निकाल आम्हाला आजही देता येत नाही. रस्त्याचे टायर असते तर गाडी थांबली असतीच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण त्या वळणावर त्या टायरांनिशी असण्याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. दुकानात विचारलेल्या साध्या प्रश्नाला आम्ही खोटे उत्तर दिले होते. त्या खोट्याचे ओझे आमच्या एकट्यावर पडले असते तर त्याची आम्ही एक गोष्ट करून सांगितली असती.

प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून हिने एकदा पेट्रोलची वही उघडली. गाडी घेतल्यापासूनचा प्रत्येक लिटर त्यात नोंदलेला, कुठे गेलो तेही लिहिलेले. कास, ठोसेघर, चाळकेवाडी, कोल्हापूर, पुणे, पुन्हा पुणे. डाव्या हाताने तिने बेरीज मांडली. एकूण ११,४०० किलोमीटर. त्यात पाणंद, मुरूम, खडी सगळे मिळून ५४०. ‘शंभरातले पाचसुद्धा नाहीत,’ ती म्हणाली. स्वरात राग नव्हता. उत्तरपत्रिकेत आकडेमोडीची चूक दाखवावी तसे तिने ते दाखवले. पन्नास आणि पाच यांच्यामधली तफावत म्हणजे आम्ही होतो.

स्पितीला जाणे झाले ते २०२२ च्या जूनअखेरीस. निघण्यापूर्वी ही एवढेच म्हणाली, ‘जा. पण या वेळी दुकानात खरं उत्तर द्या.’ आम्ही ऐंशी-वीसचे टायर घेतले. बरोबरच्या दोन तरुण मित्रांच्या गाड्यांना बटणे होती. सातारा ते मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर, सगळे डांबर. मनालीला पोहोचेपर्यंत त्यांच्या मागच्या टायरांची बटणे मध्यभागी चपटी झाली होती. ज्या खडीसाठी ती आणली होती ती अजून लागायचीच होती.

ती लागली ग्रांफूपासून. तिथून बातलपर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरना त्या वर्षी रस्ता म्हणणे हा उपचार होता. दगड, गोटे, आणि वितळत्या बर्फाचे ओढे. सकाळी घोट्याएवढे असणारे हे ओढे दुपारी ऊन चढले की गुडघ्याला लागतात. इथे मित्रांचे टायर आमच्यापेक्षा निश्चित चांगले ठरले, हे कबूल करायला हवे. ते उभे राहून गाडी काढत होते. आम्ही दोन्ही चाकांतली हवा पाच-पाच पौंडांनी कमी केली, पहिल्या गिअरमध्ये, पाय टेकत, घामाघूम होऊन पुढे सरकत होतो. दोनदा पडलो. एकदा छत्रूच्या पुढे ओढ्यात, एकदा मोकळ्या खडीत. वेग माणसाच्या चालण्याएवढा. बूट भिजले, एक आरसा फुटला, मित्र हसले, आम्हीही हसलो. बातलच्या ढाब्यावर चहा पीत असताना एक स्थानिक माणूस साध्या शंभर सीसीच्या गाडीवर, मागे पिठाचे पोते बांधून, अगदी साध्या टायरांवर आमच्यासमोरून निघून गेला. त्याला टायर निवडायचा नव्हता, पीठ पोहोचवायचे होते.

कुंझुमला चढताना आमच्या मनात ‘तडजोड’ हा शब्द घोळत होता. आमच्या व्यवसायात हा जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. लेखकाने तडजोड केली, म्हणजे तो संपला. वर्गात आम्ही स्वतः हे कितीदा म्हटले असेल. पण टायरच्या बाबतीत तडजोड टाळण्याचा मार्गच नाही; ती कोणत्या बाजूने करायची एवढेच आपल्या हाती असते. ती करताना ‘मी कोण आहे’ या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. ‘मी कुठे पडलो तर परवडेल, आणि माझ्याबरोबर कोण पडेल’ असे विचारावे लागते. खडीत ताशी दहाच्या वेगाने पडणे आम्हाला परवडते. ओल्या घाटात, मागे कोणी बसलेले असताना, परवडत नाही. लोसरला राहणाऱ्या माणसाचे उत्तर वेगळे येईल, आणि ते त्याच्यापुरते बरोबर असेल. बटणांचा टायर खोटा नाही. आमच्या गाडीवर तो खोटा होता.

गेल्या पावसाळ्याआधी मागचा टायर पुन्हा बदलायला आला. एव्हाना ही पुन्हा गाडीवर बसू लागली होती. आधी गावातल्या गावात, मग कासपर्यंत. त्या दिवशी दुकानात ती बरोबर होती. दुकानदाराच्या केसांत बरेच पांढरे आले आहे, प्रश्न मात्र तोच. ‘सर, शंभरातले मातीत किती?’

आम्ही तोंड उघडण्यापूर्वी मागून उत्तर आले, ‘पाच. आणि तेही हळू.’

त्याने मान डोलावली आणि फळीवरून टायर काढला.