शिकागोची डब्यातली ब्राउनी

मुलांनो, शिकागो म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? बरोबर! स्वामी विवेकानंदांचं 11 सप्टेंबर 1893 चं भाषण. ते ज्या इमारतीत झालं, तिथे आता आर्ट इन्स्टिट्यूट हे चित्रसंग्रहालय आहे. गेल्या मे महिन्यात मी बहिणीकडे शिकागोला गेले होते, तेव्हा ती इमारत पाहून आले. त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकरही बोलले होते, हे मात्र आपल्याला सहसा कुणी सांगत नाही!

पण आज भाषणाबद्दल नाही, एका खाऊबद्दल सांगायचंय. त्या इमारतीपासून पाचेक मिनिटं चाललं की पामर हाउस नावाचं मोठं हॉटेल लागतं. आत गेलात की मान आपोआप वर होते, कारण छतभर चित्रं रंगवलेली आहेत. हे हॉटेल पहिल्यांदा उघडलं सप्टेंबर 1871 मध्ये, आणि अवघ्या तेरा दिवसांनी शिकागोच्या भीषण आगीत जळून खाक झालं. पुन्हा बांधलं. आज दिसतं ते तिसरं. इथे मिळते ती ब्राउनी. चॉकलेटचा केक फुगायचंच विसरला आणि वडीसारखा दाट राहिला, तर कसा लागेल? तशी. वर अक्रोड आणि जर्दाळूच्या पाकाची चकाकी.

1893 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. विवेकानंद बोलले ती परिषदही त्याच निमित्ताने भरलेली. शहराच्या दक्षिणेला तळ्याकाठी पांढऱ्याशुभ्र इमारतींचं एक नगरच उभारलं होतं. संगमरवर नव्हे हं! लाकडी-लोखंडी सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाचे धागे. सहा महिन्यांत 2 कोटी 70 लाखांच्या आसपास तिकिटं फाटली. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याचा थोरला भाऊ, 264 फूट उंचीचा फेरिस व्हील, इथेच पहिल्यांदा फिरला.

या नगरात बायकांची स्वतःची अशी एक इमारत होती. तिच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या बर्था पामर, हॉटेलमालकांच्या पत्नी. त्या वेळी अमेरिकेतही बहुतेक राज्यांत बायकांना मताचा अधिकार नव्हता. त्या काळात देशोदेशीच्या बायकांनी केलेली चित्रं, भरतकाम, पुस्तकं, यंत्रं एका छपराखाली मांडायची म्हणजे सोपं काम नव्हे. इमारतीचा आराखडाही बाईचाच हवा म्हणून फक्त स्त्रियांसाठी स्पर्धा ठेवली. जिंकली सोफिया हेडन, नुकतीच वास्तुकलेची पदवी घेतलेली तरुण मुलगी. बक्षीस 1000 डॉलर. प्रदर्शन संपल्यावर ती इमारत पाडली गेली, आणि सोफियाच्या आराखड्यावरून दुसरी इमारत काही उभी राहिली नाही. मला याचं फार वाईट वाटलं. मी त्या बागेत हिंडून आले, तिथे आता झाडं आणि पाणी आहे.

हॉटेलवाले सांगतात ती गोष्ट अशी. प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या डब्यात काहीतरी गोड हवं होतं. केक सांडतो, हात बरबटतात. म्हणून बर्थाबाईंनी आपल्या हॉटेलच्या आचाऱ्याला सांगितलं, केकच्या तुकड्याहून लहान आणि हाताने सहज खाता येईल असं काहीतरी करा. तीच ही ब्राउनी! आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, ‘बाई, पुरावा?’ शाबास. त्या खाऊला तेव्हा ब्राउनी म्हणत नव्हते. 1896 साली फॅनी फार्मर यांच्या गाजलेल्या पाकपुस्तकात ‘ब्राउनी’ आहे, पण तिच्यात काकवी आहे, चॉकलेट नाहीच! त्याच पुस्तकाच्या 1906 च्या आवृत्तीत चॉकलेट आलं. म्हणजे खाऊ आणि नाव वेगवेगळ्या वाटांनी येऊन भेटले म्हणायचे.

माझी भाची दहा वर्षांची आहे. तिला साधी ब्राउनी आवडत नाही, पोटात क्रीम चीज भरलेलीच हवी. क्रीम चीज म्हणजे काय? आपला श्रीखंडाचा चक्का आठवा. तसंच मऊ, पण कमी आंबट आणि जास्त साईचं. दुकानात त्याच्या खोक्यावर ‘फिलाडेल्फिया’ लिहिलेलं पाहून मला एकदम आनंदीबाई जोशी आठवल्या. अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाला जाऊन 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मी भाचीला त्यांची गोष्ट सांगितली. मग कळलं, हे चीज मुळात त्या गावचं नाहीच! न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम लॉरेन्स नावाच्या दूधवाल्याने ते 1872 च्या सुमारास केलं. फिलाडेल्फियाचा माल चांगला अशी ख्याती होती, म्हणून 1880 मध्ये ते नाव चिकटवलं.

शनिवारी आम्ही भट्टीपाशी. (ओव्हनचं काम मोठ्या माणसांनीच करायचं, बरं का!) 115 ग्रॅम लोणी आणि तेवढंच गडद चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवलं. यात पाण्याचा थेंब पडला तर चॉकलेटचा गोळा होऊन बसतो. मग एक वाटी म्हणजे 200 ग्रॅम साखर, दोन अंडी, 85 ग्रॅम मैदा आणि चिमूटभर मीठ. खायचा सोडा, बेकिंग पावडर काही नाही, म्हणून तर ती दाट राहते. सारणासाठी 225 ग्रॅम क्रीम चीज, चार चमचे साखर, एका अंड्याचा पिवळा बलक. चीज आधी तासभर फ्रिजबाहेर ठेवायचं, थंडगार घेतलं तर गुठळ्या मोडत नाहीत. आठ इंची चौकोनी डब्यात निम्म्याहून जास्त चॉकलेटचं मिश्रण, त्यावर चीज, त्यावर उरलेलं मिश्रण चमच्याचमच्याने. मग सुरीचं टोक रांगोळीसारखं फिरवायचं. भाचीने त्यात मोर काढला, भट्टीत त्याचं बदक झालं.

175 अंशांवर पस्तीसेक मिनिटं. काडी खुपसून पाहिली, की चार ओलसर कण चिकटलेले हवेत. कोरडी निघाली तर ब्राउनी जास्त भाजली. आणि कापायची घाई नको, गरम असताना चीज वाहतं. दोन तास थांबणं हेच काय ते कठीण काम!

सोमवारी डब्याची पंचाईत. भाचीच्या शाळेत अक्रोड-शेंगदाण्यांना बंदी, कारण काही मुलांना त्यांची ॲलर्जी असते. म्हणजे पामर हाउसची ब्राउनी बाद. चीजवाली फ्रिजबाहेर फार वेळ ठेवता येत नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, “मावशी, पुढच्या वेळी एक ओळ साधी ठेवू. मला नको, पण मैत्रिणींना लागेल.”