नकाशावरचा स्टाइनर

'डाउनफॉल' हा सिनेमा तुम्ही पाहिला नसेल, पण त्यातली चार मिनिटं बहुतेक पाहिली असतील. तळघरातली खोली, टेबलावर नकाशा, भोवती गणवेशातले अधिकारी. हिटलर थरथरत्या हाताने चष्मा काढतो, चौघांना थांबायला सांगून बाकीच्यांना बाहेर घालवतो आणि मग त्याचा स्फोट होतो. खाली सबटायटल कुणीतरी आपल्या मनाची टाकलेली असतात. आवडती टीम हरली, फोन महागला, परीक्षा पुढे गेली, काहीही. आमच्या हॉस्टेलवर याची एक मराठी आवृत्ती फिरायची. त्यात हिटलरला कळतं की सरांनी सबमिशनची फाइल सही न करताच परत पाठवली. दाराबाहेर रडणाऱ्या बाईला दुसरी समजावते, 'रडू नको गं, ओरलला सांभाळून घेतील.' आम्ही लोळून हसायचो. २०१० मध्ये सिनेमाच्या निर्मात्या कंपनीने यूट्यूबवरून असे व्हिडिओ काढायला लावले, पण दिग्दर्शक ऑलिव्हर हिर्शबीगलला स्वतःला ते आवडायचे. व्हिडिओ काही थांबले नाहीत.

पूर्ण सिनेमा मी बऱ्याच वर्षांनी बघितला, नोकरीला लागल्यावर. मूळ जर्मन नाव 'डेर उंटरगांग', साल २००४, लांबी अडीच तास. तेव्हा कळलं की त्या चार मिनिटांत तो ओरडतो कशावरून.

तारीख २२ एप्रिल १९४५. सोव्हिएत फौजा बर्लिनच्या वेशीवर. आदल्या दिवशी हिटलरने नकाशावर बोट ठेवून हुकूम सोडला होता: फेलिक्स स्टाइनर या सेनापतीच्या तुकडीने शहराच्या उत्तरेकडून हल्ला करायचा आणि सोव्हिएत आघाडी तोडायची. कुणी माणसं मागे ठेवली तर जिवाला मुकेल, असंही बजावलं होतं. नकाशावर स्टाइनरची तुकडी होती, तिच्यावर नाव होतं. प्रत्यक्षात स्टाइनरकडे हल्ला करण्याएवढी माणसंच नव्हती. त्याने हल्ला केला नाही. आता हे त्या खोलीत कुणीतरी सांगायला हवं. अधिकारी एकमेकांकडे बघतात. एक जण सुरुवात करतो, अडखळतो, दुसरा वाक्य पूर्ण करतो.

मला तिथे हिटलरपेक्षा ते चेहरे जास्त ओळखीचे वाटले. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रोजेक्ट बुडतोय हे टीममधल्या प्रत्येकाला दोन महिने माहीत असतं आणि डॅशबोर्ड मात्र हिरवागार असतो, हे आमच्या क्षेत्रात कुणालाही नवीन नाही. खालचा माणूस 'थोडा उशीर होईल' म्हणतो, मधला 'ट्रॅकवर आहे' म्हणतो आणि सर्वांत वरच्याच्या स्क्रीनवर फक्त हिरवा ठिपका पोहोचतो. स्टाइनर हा तसा हिरवा ठिपका होता.

पण ही तुलना इथवरच चालते. आमचा प्रोजेक्ट बुडाला तर एखादा क्लायंट जातो. तिथे नकाशा खोटा आहे हे कळल्यावर पुढे काय झालं ते बघा. त्या दिवशी हिटलर पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाला की युद्ध हरलंय, मी बर्लिन सोडणार नाही, इथेच मरणार. म्हणजे आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी बर्लिनमधली लढाई आणखी दहा दिवस चालली. कारण टेबलाभोवतीच्या माणसांनी नकाशावर दुसरं नाव शोधलं: व्हेंक. जनरल व्हेंकची १२ वी आर्मी पश्चिमेकडून येऊन बर्लिन सोडवेल म्हणे. व्हेंकचे सैनिक पॉट्सडॅमजवळ पोहोचले, बर्लिनपर्यंत जाणं शक्य नाही हे त्याने ओळखलं आणि जमतील तेवढे सैनिक आणि नागरिक घेऊन तो एल्ब नदीकडे, पश्चिमेला मागे फिरला. तळघरात मात्र 'व्हेंक कुठे आहे' हे विचारणं चालूच राहिलं. त्या दहा दिवसांत वर रस्त्यावर शाळकरी मुलं रणगाड्यांसमोर उभी होती. सिनेमात बागेत रांगेत उभ्या केलेल्या अशाच मुलांना हिटलर पदकं देतो आणि एकाचा गाल कुरवाळतो.

तो सिनेमा मी एकट्याने बघितला नव्हता. हिंजवडीजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे होतो, शनिवारची रात्र, लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. तिघांतला एक सांगलीचा. एका दृश्यात हिटलर चालत जातो, डावा हात पाठीमागे, आणि कॅमेरा मागून तो हात दाखवतो. मासा तडफडावा तसा हलत असतो. सांगलीकर पटकन म्हणाला, 'बिचारा रे.'

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना, कारण तो अगदी आतून आला होता. आणि तो यावा अशीच सिनेमाची रचना आहे. ब्रूनो गान्झ या स्विस नटाने त्या भूमिकेसाठी पार्किन्सनच्या रुग्णांचं निरीक्षण केलं होतं. फिनलंडमध्ये १९४२ साली गुपचूप झालेलं एक रेकॉर्डिंग आहे, साधारण ११ मिनिटांचं, त्यात हिटलर भाषणाच्या नाही तर गप्पांच्या आवाजात बोलतो. गान्झने ते ऐकून ऐकून आवाज बसवला. त्यामुळे पडद्यावरचा माणूस सेक्रेटरींशी मृदू बोलतो, कुत्रीला जपतो, स्वयंपाकिणीच्या हातचं खाऊन तिचे आभार मानतो. जर्मनीत यावरून मोठा वाद झाला. याला असा माणूस म्हणून दाखवायचं का? दिग्दर्शक विम वेंडर्सचा आक्षेप वेगळाच होता. त्याचं म्हणणं, हा सिनेमा बाकी सगळ्यांची मरणं बघतो, पण हिटलर मरतो तेव्हा दार लावून घेतो. एवढा मान कशासाठी?

मला माणूस म्हणून दाखवण्यात काही वावगं वाटत नाही. राक्षस दाखवला असता तर आपण निवांत झोपलो असतो. माझी अडचण कॅमेरा कुठे ठेवलाय याची आहे. अडीच तासांतला बराच वेळ आपण त्या तळघरात असतो. त्यांच्यासोबत जेवतो, वरून पडणाऱ्या बाँबने दिवे लुकलुकले की त्यांच्यासोबत दचकतो. इतका वेळ कुणाच्या घरात राहिलं की त्याचं दुखणं आपल्याला दिसू लागतं. जे त्या घरात नाहीत, त्यांचं दुखणं दिसायला वावच उरत नाही.

म्हणून मी नंतर ती २२ एप्रिल पुन्हा वाचून काढली. त्या खोलीपासून उत्तरेला ३०-३५ किलोमीटरवर ओरानिएनबुर्ग नावाचं गाव आहे. तिथे झाक्सेनहाउझेनची छळछावणी होती. २१ एप्रिलला तिथल्या ३० हजारांहून अधिक कैद्यांना बाहेर काढून पायी हाकलायला सुरुवात झाली. जो चालू शकला नाही त्याला वाटेतच गोळी. मागे राहिले सुमारे ३ हजार, हलवता न येण्याइतके आजारी आणि त्यांच्याजवळ थांबलेले काही डॉक्टर-नर्स. २२ एप्रिलला सोव्हिएत आणि पोलिश सैनिक छावणीत पोहोचले. म्हणजे हिटलर स्टाइनरच्या नावाने ओरडत होता तोच दिवस, आणि स्टाइनरने हल्ला करायचा होता तीच उत्तर दिशा. टेबलावरच्या नकाशात नसलेलं सैन्य होतं आणि रस्त्याने चालणारी ३० हजार माणसं नव्हती. सिनेमातही ती नाहीत. मारल्या गेलेल्या ६० लाख ज्यूंचा आकडा येतो तो अगदी शेवटी, काळ्या पडद्यावरच्या अक्षरांत.

कॅमेऱ्याची ही जागा आणखीही काही करते. सिनेमात डॉक्टर शेंक हा जवळजवळ नायक आहे, जखमींसाठी औषधं शोधत जीव धोक्यात घालणारा. खरा एर्न्स्ट-ग्युंटर शेंक एसएसमध्ये होता आणि माउथहाउझेन छावणीतल्या कैद्यांवर झालेल्या अन्नाच्या प्रयोगांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. तळघरात आल्यापासूनच त्याची गोष्ट सुरू केली की तो सज्जन दिसणारच.

त्या रात्री नंतर माग्डा गोबेल्सचा प्रसंग आला. आधी सहा मुलांना गुंगीचं औषध, मग झोपेत एकेकाच्या तोंडात विषाची कुपी धरून जबडा दाबायचा. मग ती बाहेर येते आणि पत्ते मांडून बसते. आम्ही तिघेही गप्प होतो. थोड्या वेळाने आमच्यातला तिसरा म्हणाला, 'पण काही म्हण, माणसाने शिस्त लावली होती देशाला.'

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत, एखाद्या काकांकडून. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेलं असतं. मी त्याला एवढंच म्हटलं की आत्ता आपण दोन तास ती शिस्तच बघतोय. रस्त्यावर म्हाताऱ्यांना पळपुटे ठरवून फासावर देणाऱ्या टोळ्या, तळघरात दारू पिऊन पडलेले अधिकारी, एकमेकांना छेद देणारे हुकूम, आणि वर बसलेल्या माणसाला खरं सांगायची कुणाची हिंमत नाही. बारा वर्षं 'हो साहेब' म्हणायला शिकवल्यावर शेवटी हेच शिल्लक राहतं. तो म्हणाला, 'हरला म्हणून असं दिसतं रे.' मी म्हणालो, जिंकत होता तेव्हा छावण्या जास्त जोरात चालू होत्या. त्यावर तो काही बोलला नाही. पटलं असं मी म्हणणार नाही.

मागच्या वर्षी कामासाठी बर्लिनला गेलो होतो, तेव्हा ती जागा बघून आलो. बघण्यासारखं काही नाही. इमारतींच्या मधे पार्किंग आहे आणि २००६ साली लावलेला एक माहितीफलक. चालत काही मिनिटांवर ज्यूंचं स्मारक, २,७११ राखाडी काँक्रीटचे ठोकळे. पार्किंगशेजारच्या रस्त्याला गेर्ट्रूड कोलमारचं नाव दिलंय. ही बर्लिनची ज्यू कवयित्री. मार्च १९४३ मध्ये तिला ऑशविट्झला पाठवलं, तिथून ती परतली नाही. आता त्या जागेचा पत्ता सांगायचा तर तिचं नाव घ्यावं लागतं. सिनेमाला जे जमलं नाही ते एका पाटीने केलंय असं मला वाटलं.

तरीही हा सिनेमा बघा असं मी सांगतो, आणि ते त्याच्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी. सगळं संपल्यावर पडद्यावर एक खरी म्हातारी येते: ट्राउडल युंग, हिटलरची सेक्रेटरी. सिनेमा बराचसा तिच्या नजरेतून घडतो. हा तुकडा तिच्यावरच्या माहितीपटातला, आणि माहितीपट आला त्याच सुमारास, २००२ मध्ये, ती वारली. ती सांगते की बरीच वर्षं तिने स्वतःची समजूत घातली होती: मला काही माहीत नव्हतं, मी लहान होते. मग एकदा म्युनिकमध्ये सोफी शोलच्या नावाची पाटी तिला दिसली. सोफी तिच्याहून वर्षभराने लहान. हिटलरविरोधी पत्रकं वाटली म्हणून तिला फेब्रुवारी १९४३ मध्ये मारलं, ट्राउडलला नोकरी लागल्यावर काही महिन्यांतच. सोफीच्या गटाच्या एका पत्रकात पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीचा उल्लेख होता, आणि ते ट्राउडल नोकरीला लागण्याआधीच, तिच्याच म्युनिकमध्ये वाटलं गेलं होतं. म्हणजे कळून घ्यायचं असतं तर कळलं असतं. म्हातारी स्वतः तेच म्हणते, वय लहान असणं ही सबब नाही.

त्या रात्री सांगलीकराने रिमोट घेतला आणि तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. नोकरी लागली तेव्हा ती किती वर्षांची होती, त्याने विचारलं.

'बावीस,' मी म्हणालो.

'म्हणजे आपल्याहून लहान,' तो म्हणाला, आणि आमच्यातलं कुणीच उठलं नाही.