पळणे आणि धावणे

प्रवासाची बॅग भरताना सर्वांत जास्त जागा अडवतात ते पळण्याचे बूट. साडीची घडी दाबून बसवता येते, पुस्तक कडेला उभे करता येते. बुटांना मात्र आपला आकार सोडायचा नसतो. चार वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दहा दिवस घालवायला आम्ही सोलापूरहून लोणावळ्याला निघालो, तेव्हा सासूबाईंनी त्या बुटांकडे पाहून विचारले, ‘सुट्टीत तरी ह्यांना सुट्टी नाही का गं?’ मी हसून वेळ मारून नेली. ‘नेमाला सुट्टी नसते’ असे काहीसे उत्तर मनात तयार होते. पण ते ऐकायला जितके बरे तितकेच खरे आहे का, याची माझी मलाच खात्री नव्हती.

मराठीतला ‘नेम’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. नेम म्हणजे रोज पाळायचे व्रत. नेम म्हणजे निशाण्यावर रोखलेली नजर. आणि ‘त्याचा काही नेम नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा नेम म्हणजे भरवसा. माझ्या पळण्यात पहिला अर्थ होता. आठवड्यातले सहा दिवस, पहाटे पाच वाजता, कॉलेजच्या मैदानावर चाळीस मिनिटे. तिसरा अर्थही होता. एक दिवस चुकला तर सगळेच सुटेल, हातून सुटलेल्या इतर अनेक गोष्टींसारखे, ही धास्ती त्याच्याच पोटातली. दुसऱ्या अर्थाचे काय, नजर नेमकी कशावर रोखली आहे, हे मात्र मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

आम्ही उतरलो होतो वलवणला. पहिल्याच सकाळी लक्षात आले की घरचा नेम परक्या गावात जसाच्या तसा मांडता येत नाही. मैदानावर फेऱ्या मोजता येतात. इथे सरळ जाणारा रस्ता होता आणि तोही चढाचा. ओळखीच्या मैदानावरची कुत्री आपल्याला पाहून मानही वर करत नाहीत. इथली चारही बाजूंनी चौकशीला आली. तेव्हा पळणे सोडून चालू लागावे, नजर दुसरीकडे ठेवावी, हे शहाणपण पाच मिनिटांत आले. दुसऱ्या दिवसापासून मी अंतराचा हिशेब सोडून घड्याळाचा धरला: वीस मिनिटे जायचे आणि जिथे असू तिथून माघारी फिरायचे. चढावर वेग कमी होतो आणि पाच किलोमीटरचे साडेतीन होतात; श्वासाला मात्र तेवढेच काम पडते. आठवडाभर अजिबात पळलो नाही तरी कमावलेली ताकद फारशी कुठे जात नाही, ती ओसरू लागते त्यानंतर, हेही मी वाचलेले होते. म्हणजे शरीराच्या बाजूने पाहिले तर त्या दहा दिवसांत बूट बॅगेत राहिले असते तरी चालले असते. तरीही मी रोज जात होते.

तिसऱ्या दिवशी तुंगार्लीवरून राजमाचीकडे जाणारी वाट धरली. उजाडायला आले होते, हवेत पावसाआधीचा दमटपणा होता. समोरून एक साठीच्या घरातली बाई उतरत होती. डोक्यावर जांभळांची पाटी, वर हिरवी पाने झाकलेली. मला पाहून ती वाटेतच थबकली.

‘काय वो बाई, कुठं पळताय येवढ्या पहाटं? घरी काय झालंय का?’

‘काही नाही मावशी, व्यायाम करतेय.’

‘पुढं जायचंय कुठं?’

‘कुठं नाही. थोडं वर जाऊन याच वाटेनं माघारी.’

तिने पाटी सावरली आणि अगदी मनापासून विचारले, ‘माघारीच यायचं तर पळायचं कशापायी?’

तिच्या स्वरात टिंगल नव्हती. वर्गात एखादा विद्यार्थी इतका नेमका प्रश्न विचारतो तेव्हा आपण ‘पुढच्या तासाला पाहू’ म्हणतो. मी तेही म्हणू शकले नाही. ती बाजाराच्या दिशेने उतरून गेली आणि मी माझी उरलेली सहा मिनिटे चढत राहिले. जांभळे विकून तीही याच वाटेने माघारी जाणार होती. पण जाताना तिची पाटी रिकामी असणार होती. माझ्या जाण्यायेण्यात काय रिकामे होत होते?

या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे: पळणे हा पोट भरलेल्या शहरी माणसांचा छंद, गावच्या माणसाला तो कसा कळावा? हे उत्तर मला स्वतःला बोचणारे म्हणून जवळजवळ पटले होते. पण ते चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा मी राहत होते त्या वलवणपासूनच सुरू होतो. वलवणचे धरण टाटांच्या जलविद्युत योजनेतले. त्याचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार होऊ लागली. जमशेटजींची ही कल्पना त्यांच्या मागे तडीला नेली ती दोराबजी टाटांनी. हेच दोराबजी १९१९च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहत होते, आणि तिथे त्यांना दिसले की पळणारे बहुतेक शेतकरी आहेत, अनवाणी आहेत, आणि तरी त्यांचे वेग युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारे आहेत. त्या दर्शनातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, आणि बेळगावकडच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. म्हणजे पळण्याची ओळख या मातीला नवी नाही. त्या मावशीला पळणे कळत नव्हते असे नव्हेच. तिला कळत नव्हते ते माझे पळणे, आणि ते मलाही कळत नव्हते.

त्याच दिवशी दुपारी, जेवणे झाल्यावर, मी ही गोष्ट घरच्यांना रंगवून सांगितली. सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिची बारावी झाली होती आणि दोनच आठवड्यांनी ती पुण्याला वसतिगृहात राहायला जाणार होती. आम्ही चौघे एकत्र घालवत असलेली ती बहुधा शेवटची लांब सुट्टी होती; कुणी तसे म्हणत नव्हते इतकेच. ती आंब्याची साल चघळत म्हणाली, ‘बरोबरच विचारलं त्या आजींनी. आई, तू इथंही पळतेस.’

भाषा शिकवणाऱ्या माणसाचा एक दुर्गुण असा, की घाव बसला तरी तो आधी शब्द तपासतो. ‘पळतेस’ म्हणाली ती, ‘धावतेस’ नाही. तसे आमच्या देशावर ‘पळणे’ हाच रोजचा शब्द. ‘धावणे’ छापील वाटते. पण दोन्ही शब्दांची सोबत पाहावी. संकटात माणूस धावून येतो, देवाचा धावा करतात. धावण्याला पुढे कुणीतरी असते. पळ काढतात, पळवाट शोधतात, पळपुटा म्हणून हिणवतात. पळण्याला मागे काहीतरी असते. ‘धावपळ’ या शब्दात आपण दोघांना एका दाव्याला बांधले आहे, आणि आपल्या बहुतेक दिवसांचे वर्णन त्याच शब्दाने होते, यात नवल नाही.

मी पळायला लागले त्याचे कारण घरात सर्वांना ठाऊक होते, बोलले कधीच गेले नव्हते. सासरे दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. औषधांच्या वेळा, कूस बदलणे, रात्रीची जागरणे, आणि त्यातच कॉलेज. त्या काळात दिवसातली चाळीस मिनिटे माझी होती, कारण पळणाऱ्या बाईला कुणी हाक मारू शकत नाही. ते सरळ सरळ पळणेच होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. त्यावर मी तगले. पण सासरे गेले, घर मोकळे झाले, आणि पळणे तसेच राहिले. कारण संपले होते, नेम उरला होता. आता लोणावळ्यात, जिथे कुणाचे काही करायचे नव्हते, तिथेही मी पहाटे दार लोटून बाहेर पडत होते, आणि त्या वेळी खोलीत जी झोपलेली असे ती दोन आठवड्यांनी तिथे नसणार होती. मागे काय होते ते मुलीला माझ्याआधी दिसले होते.

राजमाचीच्या वाटेवर जाणाऱ्या मराठीच्या माणसाला ‘माचीवरला बुधा’ आठवणे अटळ आहे. गो. नी. दांडेकरांचा मुक्काम याच मावळात, तळेगावला. आणि त्यांचा बुधा मुंबई सोडून येतो तो या राजमाचीवर. झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने राहू लागतो. वर्गात मी वर्षानुवर्षे त्याला निसर्गाकडे परतलेला माणूस म्हणून शिकवले. त्या रात्री वाटले, आपण एक प्रश्न विचारायचाच राहिलो. बुधा मुंबईपासून पळतो की माचीकडे धावतो? पावले तीच आहेत, वाटही तीच. तोंड कुणीकडे आहे एवढ्यावर सगळे ठरते. आणि बुधाच्या मुलाला विचारले असते तर त्याने कोणता शब्द वापरला असता?

पाचव्या दिवशी आम्ही कार्ल्याची लेणी पाहिली. एकवीरेच्या पायऱ्या सासूबाई थांबत थांबत चढल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहात छताला खऱ्या लाकडाच्या कमानी आजही आहेत, आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत; त्यांत बायकाही आहेत. उतरताना ढग खाली आले आणि दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला. सोलापूरकराला पाऊस म्हणजे काय ते लोणावळ्यात गेल्याशिवाय कळत नाही. समोरचे झाड दिसेना. रस्ता ओढ्यासारखा वाहू लागला. पहाटे पाच वाजता बूट घालून मी दारात उभी राहिले आणि माझा नेम, जो मोडेल म्हणून मी इतकी भीत होते, तो कुणाला न विचारता मोडला.

कार्ला, भाजे, बेडसे या लेण्यांचा पावसाशी संबंध आहे. भिक्षूने एका जागी रमू नये, हिंडत राहावे, हा संघाचा रिवाज. पावसाळ्याचे तीन महिने मात्र एका ठिकाणी राहायचे, तो वर्षावास. आपल्या उलट हे. आपण वर्षभर एका जागी असतो आणि सुट्टीत हिंडतो. त्यांचे हिंडणे हाच नेम आणि थांबणे ही सवड. मग थांबलेल्या काळात चालणाऱ्या पायांनी काय करायचे? विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्षूंना सुग्रास जेवणे मिळू लागली आणि ते सुस्तावून आजारी पडू लागले. जीवक वैद्याने ते पाहिले आणि बुद्धांकडे त्यांच्यासाठी दोन गोष्टींची परवानगी मागितली: एक स्नानगृह आणि दुसरा चंक्रम, म्हणजे येरझारा घालायची आखलेली वाट. ती मिळाली. चंक्रमाचे लाभही पाली ग्रंथांत मोजून सांगितले आहेत: प्रवासाची आणि कष्टाची तयारी राहते, प्रकृती ठीक राहते, अन्न पचते, आणि चालताना मिळवलेली समाधी पुष्कळ काळ टिकते. या वाटेला ठिकाण नाही. पुढच्या टोकाला पोचायचे ते वळण्यासाठी. मावशीच्या प्रश्नाचे उत्तर असे अडीच हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी देऊन ठेवले होते: माघारी येणे ही चालण्यातली उणीव नव्हे, चालण्याचा अर्धा भाग तोच.

मी बूट काढले आणि बंगल्याच्या व्हरांड्यात अनवाणी येरझारा घालू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा पावले. काही वेळाने दार उघडले आणि मुलगी चादर गुंडाळून बाहेर आली. पायरीवर बसून पाऊस पाहू लागली. आम्ही फारसे बोललो नाही. वसतिगृहात गाद्या देतात का, एवढे तिने एकदा विचारले, आणि मी वळता वळता उत्तर दिले. दर चौदा पावलांनी मी तिच्याजवळ येत होते. त्या दिवशी किती वेळ चालले ते घड्याळात पाहिले नाही.

पाऊस दोन दिवसांनी जरा ओसरला. निघायच्या आदल्या रात्री मुलगी म्हणाली, ‘उद्या मला उठव, मी पण येते.’ पहाटे मी दोनदा हाक मारली. ती काही उठली नाही. अठरा वर्षांची मुलगी सुट्टीत पाचला उठत नाही, हा सृष्टीचा नेम. मी एकटीच गेले. राजमाचीच्या वाटेला दोन्ही कडेने पाणी खळखळत होते, मावशी दिसली नाही. दहा मिनिटे झाली तेव्हा मी थांबले. वीस व्हायची होती. पायांत जोर होता, वाट चांगली होती, आणि तरी मी वळले. उतारावर पावले आपोआप लांब पडू लागली.

मुलगी पायरीवर बसली होती, केस विस्कटलेले. म्हणाली, ‘आज लवकर कशी?’

‘उतार होता,’ मी म्हटले. ‘धावत आले.’