हलका हात

दाढी करणे हे काही मोठे शास्त्र नव्हे, असे आपण समजतो. तथापि सकाळच्या वेळी कित्येक गृहस्थांच्या हनुवटीवर कापसाचा इवलासा बोळा चिकटलेला दिसतो. त्यावरून हे काम वाटते तितके सोपे नसावे, हे उघड आहे. रक्ताचा थेंब न काढता दाढी करणे ही एक कला आहे, आणि मी ती प्रथम किनवटच्या आठवडी बाजारात पाहिली.

किनवट हे पैनगंगेच्या काठचे, सागवानी जंगलाच्या कुशीतले गाव. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी तेथे कडुनिंबाखाली एक वृद्ध नाभिक आपली धोकटी उघडून बसत. आम्ही मुले त्यांना 'मामा' म्हणत असू. गिऱ्हाईक कितीही घाईत असले, तरी मामा आधी दाढीला कोमट पाणी चोळीत. पाण्याने केस फुगतो, मऊ होतो आणि सहज कापला जातो. मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजला जाई. बोथट वस्तऱ्याने जखम होत नसेल, अशी आमची भाबडी समजूत होती. मामा हसून म्हणत, "लेकरांनो, धार गेली की जोर लावावा लागतो, अन् जोर लावला की रगत आलंच!"

डाव्या हाताने कातडी ताणून, पाते किंचित तिरपे धरून, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने ते वस्तरा फिरवीत. गालावरचे केस बहुधा खाली वळलेले असतात; मानेवर मात्र त्यांचा रोख जागोजागी बदलतो. म्हणून मानेशी आले, की मामांचे बोलणे थांबे. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. बारीकसा ओरखडा उठलाच, तर तुरटीने रक्त थांबते.

पुढे घरोघरी सेफ्टी रेझर आले. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाला त्याचे पेटंट १९०४ साली मिळाले होते. रक्तातून रोग पसरतात, हे कळल्यामुळे दुकानांतही प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते वापरणे आवश्यक मानले जाऊ लागले. साधने बदलली; हलक्या हाताचा नियम मात्र बदलला नाही.

गिऱ्हाईक डोळे मिटून आपला गळा कारागिराच्या हाती देते. हा विश्वास केवढा मोठा! हत्यार चालविणे हे कौशल्य खरे. पण ते कोठे थांबवावे, हे कळणे त्याहून मोठे. याचा एक थोर दाखला आपल्या इतिहासात आहे. पूर्वी काही समाजांत पती वारल्यावर स्त्रीचे सक्तीने केशवपन करीत. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी हे काम न करण्याचा निर्धार केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्या मजुरीवर पाणी सोडले. निष्णात हाताने त्या स्त्रीच्या मस्तकावर ओरखडाही उठला नसता. पण तिच्या मनावरची जखम कोणत्या तुरटीने भरून आली असती?

मुलामुलींनो, उद्या तुमच्याही हाती काही ना काही धारदार येईल. कोणाच्या हाती वस्तरा येईल, कोणाच्या लेखणी, तर कोणाच्या अधिकार. त्याची धार जरूर राखा. पण समोरच्याने विश्वासाने मान पुढे केली आहे, हे ध्यानात ठेवून हात हलका असू द्या.