साबळेची उरलेली गोष्ट

अविनाश साबळेची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगत आलो. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात पहाटे माझ्याकडे सरावाला येणारी ही मुलं कुणी भोकरदनची, कुणी गेवराईची. बहुतेकांची नजर पोलीस भरतीच्या शर्यतीवर. साबळेची गोष्ट अशी: आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा पोरगा, शाळेसाठी मैलोन्‌मैल पायपीट, मग लष्कर, सियाचीन, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य. वेळ 8:11.20, सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकलं. तात्पर्य ठरलेलं असायचं: हाल सोसा म्हणजे घडाल. झोप लागत नाही, शर्यतीची धास्ती वाटते, असं कुणी म्हणालं की मी ‘मन घट्ट कर’ म्हणून पुढच्या फेरीला पाठवायचो.

आता मी तसं सांगत नाही. मत बदललं ते एका मुलीमुळे. चांगली पळणारी पोर हळूहळू मागे पडू लागली. चिडायची, सरावानंतर एकटी बसायची. ‘सर, पाय उचलतच नाही,’ म्हणायची. मला ते मनाचं कच्चेपण वाटलं. नडगीचं दुखणं थांबेना तेव्हा आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. हाडाला बारीक तडा होता. वजन उतरवायला तिने भाकरी सोडली होती, कित्येक महिने पाळी आली नव्हती, आणि हे मला सांगण्याची तिला सोय नव्हती.

डॉक्टरांनी समजावलं ते तोवर मला ठाऊकच नव्हतं. सराव जेवढी ऊर्जा खातो तेवढी जेवणातून मिळाली नाही, तर पाळी बिघडते, हाडं ठिसूळ होतात, आणि उदासी, चिडचिडही वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्येच याला ‘रेड-एस’ असं नाव दिलं आहे. मुलांनाही ते होतं. म्हणजे मी जिला मनाची दुबळी समजत होतो, ती उपाशी होती.

साबळेची गोष्ट मी आजही सांगतो, पण पूर्ण. तो स्पर्धेत उतरू लागला तो लष्करात गेल्यावर, 2015 च्या सुमारास. तिथे जेवणाची भ्रांत नव्हती, पुढे अमरीश कुमार यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले. पायपिटीने दम दिला असेल. पदकापर्यंत नेलं ते या आधाराने. जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून त्याचा गुडघा दुखावला, तेव्हा शस्त्रक्रिया झाली. गुडघ्याला उपचार लागतात, हे सगळ्यांना पटतं. 2008 मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकल्यानंतर आलेल्या नैराश्याबद्दल अभिनव बिंद्रा उघड बोलले, तरी मनाच्या उपचारांचं नाव काढलं की आपल्याकडे पालक अजून दचकतात.

सराव मी हलका केलेला नाही. कष्टांवाचून वेळ कमी होत नाही. पण सुट्टीचा दिवस आता खरोखर सुट्टीचा असतो, रिकाम्या पोटी कुणाला पळू देत नाही, आणि पाळीची विचारपूस करायला एक ताई असतात.

मराठवाड्यात मैदानावर मुलं घडवणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: मागे पडलेल्या मुलाला ओरडण्याआधी तो काय जेवला, किती झोपला, हे विचारा. त्यापुढचं आपल्या आवाक्यातलं नसेल तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.