अंदमानला निघालेल्या भाच्यास

पोहरादेवी, ता. मानोरा
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळास,


परवा रात्री तू विचारलंस ते एवढंच, ‘आत्या, तिकडे वाळूत चपला चालतील का बूट घेऊ?’ त्याचं उत्तर मी उभ्याउभ्या दिलं असतं. पण पाठोपाठ तू टूरवाल्याचा तो कागद मोबाइलवर धाडलास आणि माझी झोप उडवलीस. पाच दिवस, तीन बेटं, सहा किनारे, एक तुरुंग, चुनखडीच्या गुहा, आणि खाली तुझी मखलाशी, ‘पैसा वसूल!’ अरे, लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाहेर निघालात की टपाल वाटायला? पहाटे चारला उठा, पाचला बस, सातला जहाज, दुपारी जेवणाचं पाकीट हातात. एवढी धावपळ तू पुण्यात रोज करतोसच की. तीच करायला समुद्र ओलांडून कशाला जायचं?

आता रागावू नकोस. माझं हे खूळ तुला ठाऊक आहे आणि तुझ्या बापाला तर पाठ आहे. पण ऐक. आपण लदेणीची माणसं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरलेला आपला बंजारा समाज. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. पण त्या फिरतीतही पावसाळ्याचे महिने तांडा एका जागी थांबायचा. बैल चरायचे, बाया कशिदा काढायच्या, सोयरिकी जमायच्या, वर्षभराची भांडणं नायकापुढं मिटायची. चालणं हा पोटाचा धंदा. जगायचं ते मुक्कामात. लग्नाची गाणी काय बैल हाकताना जुळली असतील? तू मात्र सुट्टीचाच धंदा करून ठेवलास. रोज सकाळी गोण्या लादा आणि चला पुढं!

म्हणून माझं ऐकशील तर त्या कागदावरची दोन बेटं खोड आणि स्वराज द्वीपावर सलग चार रात्री काढ. (आम्ही गेलो तेव्हा त्याला हॅवलॉक म्हणायचे, 2018 च्या डिसेंबरात नाव बदललं.) तिथला राधानगरचा किनारा ‘टाइम’ मासिकानं 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवला, तेव्हापासून जो तो तिथं संध्याकाळी तासभर जाऊन येतो. तो आहे पश्चिमेला, सूर्य मावळतो तो तिथं. उगवताना बघायचा तर पूर्वेचा काला पत्थर. आता भूगोलाच्या बाई म्हणून सांगते, वाचून सोडून देऊ नको. आपल्या पोहरादेवीपेक्षा ते बेट सुमारे पंधरा अंश पूर्वेला, आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचं एकच. म्हणजे तिथला सूर्य आपल्या घड्याळाला तासभर आधीच वर येतो आणि तासभर आधीच बुडतो. डिसेंबरात पाच वाजून जरा गेले की संपला खेळ. तुझा टूरवाला साडेतीनपर्यंत जेवायला बसवणार, चारला चहा पाजणार आणि मग ‘सनसेट’ म्हणून अंधारात नेऊन उभा करणार. आमचंही तेच झालं होतं. वाळूवर पाय ठेवला तेव्हा दिसत होते ते फक्त दुसऱ्या बसचे दिवे. त्यापेक्षा पहाटे साडेपाचला उठ. तू उठणार नाहीस, मला माहीत आहे, पण सूनबाई उठेल.

आणि निघण्यापूर्वी भिंतीवरचं कालनिर्णय बघ. हसू नकोस, समुद्र तिथीवरच चालतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी, म्हणून रोज वेळ पाऊण तासानं, कधी त्याहून थोडी जास्त, पुढं सरकते. चार दिवस एका जागी राहिलास तर हे आपोआप कळतं: पहिल्या दिवशी जिथं गळ्याएवढं पाणी होतं तिथं चौथ्या दिवशी त्याच वेळी पोटऱ्या भिजतात. ओहोटीला पाणी हटलं की खडकांच्या खळग्यांतून खेकडे, समुद्रकाकड्या, बोटाएवढे निळे मासे उरतात. तासभर उकिडवं बसून एकच खळगा बघ. आधी नुसतं पाणी दिसतं. मग वाळूचा एक कण हलतो आणि तो कण नसून डोळा असतो. अमावास्येच्या जवळ गेलात तर आणखी एक सांगते. चंद्र नसला की काळोखात पाण्यात हात फिरवायचा. सूक्ष्म जीव चमकतात, बोटांभोवती निळसर ठिणग्या उठतात. हॉटेलचे दिवे असतील तिथून मात्र लांब जा. हे कोणत्याही कागदावर नसतं, कारण याचं तिकीट फाडता येत नाही.

मधल्या वेळी गावात फिर. राधानगर, गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर अशी नावं ऐकून वाटतं मथुरेत आलो. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उठून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या. नारळ-सुपारी त्यांनी लावली, गावांना नावंही त्यांनीच दिली. त्यांच्या खानावळीत बसून माशाचा झोल आणि भात खा. हॉटेलातल्या पनीरसाठी बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडू नये.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. तुझ्या कागदावर चौथ्या दिवशी ‘बारातांग, जारवा दर्शन’ असं लिहिलंय. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दर्शन? तुला आठवतं, रामनवमीच्या यात्रेत सेवालाल महाराजांच्या समाधीबाहेर माझी याडी (आई) बसली होती, अंगात फेटिया-कांचळी, कानाशी घुगरी-टोपली, आणि कॅमेरेवाले तिला सांगत होते, ‘आजी, जरा इकडं बघा, हात वर करा, चुडा दिसू द्या’? तू सातवीत होतास. तू त्या माणसाच्या अंगावर धावून गेलास. मला फार अभिमान वाटला होता तुझा. तोच तू आज गाडीच्या काचेतून माणसं बघायला पैसे भरतोस?

बारातांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, खायला देणं सगळ्याला कायद्यानं बंदी. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रस्ता बंद करायला सांगितलं, तरी गाड्या चालूच आहेत. 2012 मध्ये बायकांना खाण्यासाठी नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा जगभर छीथू झाली. आपल्याला हे कुणी समजावून सांगावं लागू नये. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याचा शिक्का आपल्याही लोकांच्या कपाळी ठिकठिकाणी बसला. 31 ऑगस्ट 1952 ला सुटलो, म्हणून तर विमुक्त दिन. आणि अंदमानशीही त्या शिक्क्याचं नातं आहे. ज्या भातू जमातीचा सुलताना डाकू होता, तिची कुटुंबं 1926 च्या सुमारास साल्व्हेशन आर्मीनं आजच्या उत्तर प्रदेशातून नेऊन तिथं वसवली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथलीच झाली आहेत. टॅक्सीवाल्याशी बोलता बोलता कुणी भेटलाच तर त्याचा गाव विचार, फोटो नको. बारातांगच्या गुहा नाही पाहिल्या म्हणून काही बिघडत नाही. चौथा दिवस खोडून टाक. त्या पैशांत दोघं दोन दिवस जास्त राहाल.

तुझ्या आईनं कांचळीला लावायला कवड्या आणायला सांगितल्यात, हेही कानावर आलं. आणू नकोस. रिकामा शंख दिसला तरी तो रिकामा नसतो. राधानगरला संध्याकाळी वाळू चालायला लागते ती शंखांत घरं केलेल्या खेकड्यांमुळे. पोवळ्याचा तुकडा तर खिशातही घालू नकोस, विमानतळावर पिशव्या उघडतात आणि वन्यजीव कायदा लागतो. दगडासारखं दिसणारं ते पोवळं वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. त्यात 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून तिथली पोवळी पांढरी पडली, त्यातली बरीच मेली. जे उरलंय त्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. वहिनीला सांग, माझ्या पेटीत जुन्या कवड्यांची लड आहे, ती नेऊ दे.

सेल्युलर जेलला अर्धा दिवस दे. जहाजाआधीच्या पाऊण तासात उरकू नको. सात पाखांपैकी तीनच उरल्यात. कोठडीत शिरलास की एकटा दोन मिनिटं उभा राहा. दिवसाला तीस पौंड खोबरेल गाळायचा कोलू बघ आणि मग तो हातानं ओढण्याचा विचार कर. सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ची माझी प्रत तू बारावीत नेलीस ती अजून दिली नाहीस. निदान आता तरी वाच, आणि येताना आण.

चपलांचं. बूट नको, साध्या चपलाही नको. मागं पट्टा असलेले रबरी सँडल घे. मेलेल्या पोवळ्यानं पाय कापला तर जखम चिघळते. पाण्यात उतरताना जुना बाह्यांचा सदरा घाल, तिथलं ऊन पाठ सोलून काढतं.

आणि पोहण्याचं. तू अरुणावतीच्या धरणात पोहलास म्हणून तुला सगळं येतं असं समजू नको. धरणाचं पाणी उभं असतं, समुद्राचं ओढतं. ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झगडू नको, किनाऱ्याला समांतर बाजूला हो. मगरींचे फलक लावलेत तिथं पाय घालू नको. 2010 मध्ये राधानगरजवळ एक परदेशी पर्यटक मुलगी मगरीनं नेली. सूनबाईला पोहता येत नाही म्हणालास. मग ते स्नॉर्कलिंग तिच्या गळी मारू नकोस. आणि करायचीच असेल हौस तर जाकीट, हात धरणारा माणूस, आणि तू तिच्यापासून हाताच्या अंतरावर. फोटो काढत बसशील आणि ती तिकडे वाहत जाईल, असलं काही माझ्या डोक्यात येतं, काय करू.

शेवटची रात्र बेटावर राहू नको. वारा सुटला की जहाजं रद्द होतात, आणि परतीचं विमान कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशीच श्रीविजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला, येऊन राहा. जहाजाची वेळ आणि हॉटेलचा फोन नंबर मला लिहून पाठव, तोंडी नको. आता समुद्राखालून केबल टाकली आहे, तेव्हा नेटवर्क नव्हतं ही सबब चालणार नाही. रोज एक फोन, संध्याकाळी, पाण्याबाहेर आल्यावर. सूनबाईकडून करव. तू खरं सांगत नाहीस.

जय सेवालाल.

तुझी
आत्या