आधी प्रश्न नीट वाचा

आमचा जुना कॉम्प्युटर २००३ सालचा. घरात सगळे म्हणतात, भंगारात द्या. मी देत नाही. गेल्या महिन्यात त्याचा सीडी ड्राइव्ह बंद पडला. सीडी घातली की नुसता गरगर आवाज, पुढे काही नाही.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण एक सीडी ऐकायची होती. १९८८ साली आईच्या जात्यावरच्या ओव्या मी कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. २००६ मध्ये त्यांची सीडी करून घेतली. कॅसेटला पुढे बुरशी लागली, ती गेली. आईही गेली. उरली ती एवढी एकच सीडी. माझा आळस, दुसरं काय!

गावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे. त्याने जुन्यातला एक डीव्हीडी ड्राइव्ह काढून दिला. "सर, मी येऊन बसवतो," म्हणाला. मी म्हटलं, नको, मीच बसवीन. हौस!

वायर काढली, कॅबिनेट उघडलं. आत वीस वर्षांची धूळ. जुना ड्राइव्ह चार स्क्रूंवर होता. तो काढून नवा सरकवला, चपटी रुंद केबल लावली, लाल कडा विजेच्या प्लगकडे ठेवली. सगळं जिथल्या तिथे. बटण दाबलं... आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की हार्ड डिस्कच सापडत नाही! होतं तेही गेलं. घाम फुटला.

फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, ड्राइव्हच्या मागे एक बारीक टोपण असेल, जंपर. ते कुठे बसवलंय?"

भिंग घेऊन पाहिलं. एका केबलवर दोघे जण असले की एक 'मास्टर' आणि दुसरा 'स्लेव्ह' लागतो. हार्ड डिस्क मास्टर होतीच, मी दुसराही मास्टरच जोडला होता. दोन मुख्याध्यापक असले की शाळेचं जे होतं तेच झालं. आणि कुठली जागा कशाची, हे ड्राइव्हवरच्या चिठ्ठीवर स्वच्छ छापलेलं होतं!

"सर," तो हसून म्हणाला, "तुम्हीच सांगायचात ना, आधी प्रश्न नीट वाचा."

हे मी त्याला सहामाहीचा पेपर परत देताना, चारचौघांत, बऱ्याच कडक शब्दांत सांगितलं होतं. त्याने मात्र मला हसत सांगितलं. चूक दाखवायची ही पद्धत मला तेव्हा सुचली नाही. असो.

चिमट्याने जंपर हलवला. दोन्ही सापडले. सीडी फिरली आणि जात्याच्या घरघरीतून आईचा आवाज आला. अकरापैकी नऊ ओव्या निघाल्या. दोन काही केल्या उघडेनात. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर काळाने खराब होतो म्हणे.

नऊच्या नऊ पेन ड्राइव्हवर घेतल्या, एक प्रत मुलीकडे पाठवली. तुमच्याही कपाटात अशा सीडी असतील. आजच काढा. उद्यावर टाकू नका, मी टाकलं तसं.